एका घंटीला थांबायचं

आमच्या वस्तीवर एक घंटी वाजली की माणूस जिथं असेल तिथं थांबायचा. बादली विहिरीत अर्धी उतरलेली असली तर ती अर्ध्यावरच लोंबकळत राहायची. घास तोंडापाशी असला तर तोंडापाशीच. सासू-सुनेचं भांडण ऐन रंगात आलेलं असलं तर सासू ‘अगं तुझ्या’ इथं थांबायची आणि दोन घंट्या झाल्या की ‘आईनं’ इथून पुढं धरायची, एक शब्द न गाळता. म्हशींनासुद्धा सवय झाली होती. एकदा तर उडता बगळा हवेत थांबलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं बगळ्याला विचारावं.

ही घंटी दत्तूतात्यांच्या स्लॅबवर होती, आणि घंटीशेजारी एसटीच्या ड्रायव्हरची सीट. तात्यांनी उभी हयात जी गाडी चालवली ती भंगारात निघाली, तेव्हा भंगारवाल्याच्या इतकं मागं लागले की त्यानं वैतागून सीट, स्टेअरिंग आणि घंटी काढून दिली. ते सगळं तात्यांनी स्लॅबवर नटबोल्टानं आवळून बसवलं, तोंड माळाकडं करून. वर चढलेला नवखा पाहुणा आधी कशाला तरी धरायचा. त्याला वाटायचं, घर आता सुटतंय. सकाळचा चहा झाला की तात्या वर जाऊन बसायचे, दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि नजर पार क्षितिजाच्या बुडाशी. माळावर चिंकारा हलला, खोकड निघालं, लांडगा वस्तीच्या कडेनं वाटेला लागला की दोरी ओढायचे. एक घंटी म्हणजे थांबा, जनावर चाललंय. दोन घंट्या म्हणजे गेलं, लागा कामाला.

गावाचं नाव सांगत नाही. बारामती आणि इंदापूरच्या मध्ये कुठंतरी आहे एवढं पुरे. कळसवाले म्हणतात असली माणसं आमच्यात नाहीत, आणि लोणी भापकरवाले म्हणतात असती तर आम्ही ठेवून घेतली नसती. मी तात्यांना ओळखतो कारण त्यांच्या गाडीवर मी कंडक्टर होतो. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. शाळेत मास्तर व्हायची माझी लायकी नव्हती, ती हौस एसटीनं भागवली.

त्यांच्या गाडीवर माझा पहिलाच दिवस. गाडी खचाखच भरलेली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या, आत एक वऱ्हाड. भर माळावर तात्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी ब्रेकडाउन. मी पुढं गेलो तर तात्या स्टेअरिंगवर हनुवटी टेकून शांत बसलेले. रस्त्याच्या मधोमध एक चिंकारा मादी उभी होती आणि तिचं पिल्लू डांबरावर पाय टाकू की नको या विचारात पडलं होतं. मी घंटीच्या दोरीला हात घातला. तात्या मागं न बघताच म्हणाले, “मास्तर, दोरी सोडा. गाडी आपली हाय, रस्ता त्यांचा हाय.”

मी वऱ्हाडाकडं वळलो. म्हटलं, आता मार खायची वेळ. तर नवरदेवाचा मामा मला समजावणीच्या सुरात म्हणाला, नवे दिसताय, बसा जरा, हरणीचं पोरगं अडलंय. लग्न घटकाभर उशिरा लागलं. त्या जोडप्याला पुढं जुळं झालं, आणि ते चिंकाऱ्याच्या आशीर्वादानं झालं असं मी बरीच वर्षं सांगत होतो.

रोज उशीर व्हायचा म्हणून डेपोतल्या साहेबांनी एकदा दोघांनाही बोलावून घेतलं. कारण विचारलं. तात्यांनी सांगितलं, रस्त्यात लांडगा होता. साहेबांनी विचारलं, मग हॉर्न का मारला नाही? तात्या म्हणाले, “म्हातारा हुता साहेब. दचकला असता.” साहेबांनी रजिस्टर मिटलं. पुढं त्यांनी उशिराचं कारण विचारणंच सोडून दिलं.

त्या गाडीचं छत पावसाळ्यात असं गळायचं की बाहेर कमी आणि आत जास्त पाऊस. मी काळी छत्री उघडून तिकिटं फाडायचो. बटणाची छत्री. बटण दाबलं की फाडदिशी उघडायची, आणि पुढच्या बाकावरची माणसं दर वेळी दचकायची. तात्या आरशातून बघून म्हणायचे, मास्तर, ही छत्री एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार. जीव काही घेतला नाही. पण त्या छत्रीनं एक दिवस काय केलं ते पुढं येईलच.

तात्यांचं वर्ष श्रावणापासून सुरू व्हायचं. त्याच्या आधीचा माळ म्हणजे तव्यावर विसरलेली भाकरी. श्रावणात गवत गुडघ्याला लागायचं आणि तात्या चिडचिडे व्हायचे, कारण त्या हिरव्या पुरात कानांशिवाय काही दिसायचं नाही. नुसत्या कानांवरून ते ओळखायचे: हा फाटका कान म्हणजे बोरीखालचं खोकड, हे लांब जोडकान म्हणजे काल विहिरीपाशी बसलेला ससा. दिवाळीच्या सुमाराला गवत पिकून सोन्यासारखं व्हायचं. मग जेवणाचं ताट वर जायचं. लांडगीण बिळाच्या शोधात फिरायला लागायची, जुनी बिळं हुंगायची, नापसंत करायची. तात्या म्हणायचे, लेकीला जागा दाखवायला निघालेल्या बापासारखं आमचं झालंय, एक पसंत पडंल तर शपथ. पौषात पिल्लं बिळाच्या तोंडाशी येऊन उन्हाला बसायची. उन्हाळ्यात ऊस तुटला की फडात लपलेले कोल्हे एका रात्रीत बेघर व्हायचे आणि बांधाबांधानं तोंड चुकवत हिंडायचे. कधीमधी एखादं तरस भल्या सकाळी उशिरानं घरी परतताना दिसायचं. त्याच्यासाठी तात्या घंटीसुद्धा हलक्या हातानं ओढायचे. मागचे पाय आखूड असलेल्या माणसाला गडबड करायला लावू नये, असं त्यांचं मत.

त्यांच्या मंडळी पारूकाकी या पळसदेवच्या. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं की तिथलं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. एका वैशाखात आम्ही तिघं गेलो होतो, तर देवळाच्या पायरीवर एक कोल्हा ऐसपैस बसलेला. मी परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं की त्या कोल्ह्यानं आत जाऊन घंटा वाजवली आणि अंगारा लावून बाहेर आला. तात्यांनी मला भर चावडीवर गप्प केलं. “मास्तर, चार पायाच्या जनावराबद्दल खोटं बोलायचं न्हाय. त्याला उलट सांगता येत न्हाय. माणसाबद्दल काय वाटंल ते बोला.” तेव्हापासून मी ही मर्यादा पाळतो. बगळ्याला दोनच पाय असतात.

काकींचं आणि तात्यांचं या माळावरून कायम वाजायचं. काकी खालून स्लॅबकडं तोंड करून म्हणायच्या, “माझ्याकडं लग्नात असं टक लावून बघितलं असतं तर मी बी चार पायांवर चालले असते.” आणि वर पुन्हा चंद्रीचं प्रकरण. चंद्री ही काकींची शेळी, दूध देणारी आणि डोकं खाणारी. एका हिवाळ्यात लांडग्यानं ती ओढ्याकाठून उचलली. वस्तीतली माणसं काठ्या घेऊन निघाली. तात्यांनी स्लॅबवरून एक घंटी मारली. सवयीनं सगळे जागच्या जागी थांबले, आणि तेवढ्यात लांडगा चंद्रीसकट टेकाडापलीकडं गेला. मग दोन घंट्या तात्यांनी सावकाश मारल्या. काकी त्यांच्याशी होळीपर्यंत बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते भिंतीला सांगायच्या, आणि भिंत तात्यांना सांगायची.

आता संपतरावांकडं येतो. संपतराव म्हणजे आमचे सरपंच. वाईट माणूस नव्हे. कॉलेजात असताना तो तात्यांच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर बसून बारामतीला जायचा. परीक्षेच्या दिवशी त्याच्यासाठी तात्यांनी गाडी थांब्यावर धरून ठेवलेली मी पाहिलीय. सरपंच झाल्यावर त्याच्या डोक्यात गाव हिरवं करायचं आलं. ग्रामसभेत त्यानं सांगितलं की आपला माळ नुसता पडीक पडलाय, त्यावर आडवे चर खोदायचे, चरांत पाणी मुरवायचं आणि हजारो रोपं लावायची. जेसीबी हिवाळ्यातच येणार, म्हणजे पावसाळ्यापर्यंत चर तयार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाडं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

तात्या मागच्या रांगेतून उठले.

“पडीक कोण म्हणालं? गाडी फुल हाय. उभ्यानं बी जागा न्हाय.”

हशा झाला. एकानं विचारलं, मग आम्हाला कसं कुणी दिसत नाही? तात्या म्हणाले, तुम्ही सारखे हलताय म्हणून. संपतरावानं नम्रपणे हात जोडले. म्हणाला, तात्या, झाडाला विरोध केला तर लोकं काय म्हणतील?

“झाडाला माझा इरोध न्हाय,” तात्या म्हणाले. “शाळंत लाव, दारात लाव, माझ्या बांधावर लाव, पाणी मी घालीन. पर माळावर नगं. लांडग्याला, हरणाला लांबचं दिसाय लागतं. गवतात ते राजं हायत, झाडीत आंधळं. कुणाच्या बी काचंवर रंग फासायचा आणि वर म्हणायचं, तुझी गाडी रंगीत केली.”

बोलणं संपलं तशी मतं घेतली. सगळे हात वर. काकींनी तर दोन्ही हात वर केले, एक गावासाठी आणि एक चंद्रीसाठी. विरोधात तात्यांचा एकट्याचा. माझा हात उन्हामुळं छत्री धरून वर होता, तो मोजणाऱ्यानं कुठल्या बाजूला धरला ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या साली लांडगिणीनं बीळ नेमकं टेकाडाच्या उतारावर पसंत केलं होतं, जिथून पहिला चर जाणार होता. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. जेसीबी माळावर न्यायला वाट एकच, आमच्या वस्तीजवळची पांद: दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधून एक गाडी जाईल एवढी चिंचोळी वाट. जेसीबी यायच्या सकाळी स्लॅबवरून खाटखूट ऐकू आली. तात्या नटबोल्ट सोडवत होते. सीट दोरानं खाली सोडली, मी आणि त्यांनी मिळून पांदीत नेली आणि वाटेच्या बरोबर मध्ये ठेवली. मग तात्या घरात गेले आणि खाकी ड्रेस चढवून आले. ड्रेसला पोट मान्य नव्हतं. बटणं गळ्यापाशी आणि बेंबीखाली लागली, मधल्या प्रदेशानं स्वातंत्र्य जाहीर केलं.

जेसीबी धडधडत आला आणि समोर उभा राहिला. मागून गाव. ऑपरेटर पोक्त माणूस होता, कपाळावर आठ्या आणि गळ्यात मफलर. त्यानं तात्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तात्यांनी त्याला आधी गाव विचारलं, मग किती वर्षं गाडीवर आहेस ते विचारलं, आणि मग म्हणाले, “इतकी वरसं गाडीवर हाईस, तर म्होरं कोण उभं असताना रेटायची न्हाय, एवढं हाताला ठावं असंल.”

ऑपरेटरनं संपतरावाकडं पाहिलं, तात्यांच्या ड्रेसकडं पाहिलं. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरून त्यानं भाकरीचं फडकं सोडलं आणि तात्यांना चटणी पुढं केली. संपतराव म्हणाला, अहो तुम्हाला जेवायला नाही आणलं. ऑपरेटर चावता चावता म्हणाला, सरपंच, ड्रायव्हरच्या अंगावर गाडी घालायला दुसरा माणूस बघा.

दुसरा माणूस मिळाला नाही. तात्या रोज उजाडल्यावर येऊन सीटवर बसायचे. किती दिवस बसले ते विचारू नका, प्रत्येकाला मी वेगळा आकडा सांगितलाय आणि आता मलाच खरा आठवत नाही. वस्तीवरून येणारे-जाणारे टोमणे मारायचे. एकजण रोज विचारायचा, तात्या, इंदापूरला किती वाजता? तात्या त्याला रोज सांगायचे, “डायव्हर चढलाय. माणसं शाणी झाली की सुटंल.”

काकी दुपारी भाकरी घेऊन यायच्या आणि ती देताना बांधाला उद्देशून बोलायच्या: हितं बसून मुळव्याध व्हईल म्हणावं, मग बसा उभ्यानं. एका दुपारी त्या ताट परत न्यायला थांबल्या होत्या, तेव्हा पांदीच्या तोंडातून लांबवर टेकाडाच्या कडेनं लांडगीण येताना दिसली. तात्यांनी बोटानं नुसती दिशा दाखवली. लांडगीण सावकाश येत होती, मान खाली. बिळापाशी पोचली तशी पिल्लं तिच्या तोंडाला झोंबली आणि तिनं पोटातलं ओकून त्यांच्यापुढं टाकलं. स्वतः बाजूला जाऊन बसली.

काकींनी ताट काखेला मारलं. मग थेट तात्यांना विचारलं, “चंद्रीला खाणारी हीच?”

“असंल.”

“लई वाळलीय वो.”

दुसऱ्या दिवशी काकी घरातलं स्टूल घेऊन आल्या आणि सीटच्या शेजारी टाकून बसल्या. टोमणे मारणाऱ्यांची त्या दिवसापासून वाट बदलली. तात्यांना उत्तर सुचायला वेळ लागायचा, काकींचं तयार असायचं.

शेवटी एका सकाळी संपतराव एकटाच आला आणि तात्यांच्या समोर उकिडवा बसला. मी बांधावर होतो. त्यानं विचारलं, “तात्या, कुठवर बसणार?”

“पिल्लं आईमागं पळाय लागंपतूर.”

“आणि पुढच्या साली?”

“पुढच्या साली पुन्यांदा.”

“त्याच्या पुढच्या साली?” संपतराव हळूच म्हणाला. “मी दमदाटी करत न्हाय, तात्या. पर तुमचं वय बघा. एक दिवस सीट रिकामी व्हणारच की. मग?”

सगळ्या खेळाची खुंटी संपतरावानं बरोबर हलवली होती. माळ वाचला होता तो या म्हाताऱ्याच्या बुडाखालच्या सीटएवढा, आणि सीटवर माणूस असेपर्यंतच. तात्यांनी खाकी शर्टाची लागत नसलेली बटणं एकदा चाचपली. मग म्हणाले, “ते मी मेल्यावर बघीन.”

त्या साली जेसीबी परत गेला. पुढल्या हिवाळ्याचं ठरलं. सीट पुन्हा स्लॅबवर गेली, नट पुन्हा आवळले गेले. पिल्लं मोठी झाली. श्रावणात कान दिसले, मग गवत पिकलं. आणि दिवाळी उलटल्यावर एका दुपारी काकी ताट घेऊन वर गेल्या, तर तात्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि नजर तिथंच, नेहमीच्या ठिकाणी. काकींनी ताट खाली ठेवलं आणि नजरेच्या रोखानं माळाकडं बघितलं. तिथं काय होतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

तात्यांचा मुलगा पुण्याहून आला. संपतरावानं लाकडं आणण्यापासून मंडपापर्यंत सगळं स्वतः केलं, खांदा दिला, रडला. ते रडणं खरं होतं. आणि जेसीबीला पुढल्या आठवड्यात यायला सांगितलं होतं, तेही खरं होतं.

दहावा ओढ्याच्या काठाला. सगळं गाव जमलेलं. मुलानं पिंड मांडला, भटजींनी मंत्र म्हटले, आणि मंडळी मागं सरकून कावळ्याची वाट बघत बसली. आमच्याकडं कावळा पिंडाला शिवला की गेलेला माणूस समाधानानं गेला, असं धरतात. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेक जण पुढं होऊन राहिलेलं करायचा शब्द देतो.

कावळे होते. ओढ्याकाठच्या मोठ्या बाभळीवर ओळीनं बसले होते, एसटीची वाट बघत बसावं तसे. त्या बाभळीखाली मी बसलो होतो, कारण सावली तिथंच होती. हातात छत्री होती, कारण छत्री माझ्या हातात नेहमीच असते. आता वस्तू जुनी झाली की तिचं यंत्र बिघडतं, यात कुणाचा दोष नसतो. पहिला कावळा पंख पसरून खाली झेपावणार, तेवढ्यात छत्री फाडदिशी उघडली. कावळा पुन्हा वर. मी छत्री मिटवली, तिला दोन शब्द सुनावले.

मुलगा पुढं होऊन म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे हलले, छत्रीही हलली. भाऊबंदांनी बांधाचा वाद मिटवायचा शब्द दिला. छत्री. ऊन चढत चाललं. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू या, असं सुचवलं. शास्त्रात चालतं. काकी म्हणाल्या, “त्यास्नी नकली जनावर कधी चाललं न्हाय.”

मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या. संपतराव घामेजला होता. उठला, पिंडासमोर गेला, हात जोडले.

“तात्या, टेकाडाचा उतार सोडतो. तिथं चर खोदणार न्हाय.”

दोन कावळे फांदीच्या टोकाला आले. फाडदिशी. दोन्ही परत मागं.

“बरं, निम्मा माळ सोडतो,” संपतराव म्हणाला. कपाळ पुसलं. “निम्मा तरी सोडा की मला.”

छत्रीला निम्मा पसंत नव्हता.

संपतराव उभाच राहिला. मग बॉनेटवर बसणारं ते कॉलेजचं पोरगं त्याच्या तोंडावर आल्यासारखं मला वाटलं. बोलला ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

“समदा माळ सोडला, तात्या. मी हाय तवर तिथं कुदळ पडू देणार न्हाय, आणि माझ्यामागं कुणी पाडाय निघालं तर मी सीट घेऊन पांदीत बसंन. शब्द देतो. आता जेवा.”

त्या घटकेला माझी छत्री दुरुस्त झाली. एकदम पाच-सहा कावळे उतरले. पिंडाचं शीत राहिलं नाही. बायकांनी डोळ्याला पदर लावले, बाप्ये माणसं एकमेकांना म्हणाली, तात्या लई कडक. तात्यांचा नियम मी मोडलेला नाही, हे इथं सांगून ठेवतो. कावळा दोन पायांचा, आणि त्याच्याबद्दल मी अवाक्षर बोललो नाही. बोलली ती छत्री.

मंडळी वस्तीकडं परत निघाली. काकी माझ्याजवळून जाताना जराशा थांबल्या. “भावजी, छत्री चांगली हाय,” म्हणाल्या. “तेल घालत जावा.” आणि पुढं गेल्या.

उन्हं कलायला आली होती. कुणी मंडप सोडत होतं, कुणी पत्रावळी गोळा करत होतं, संपतराव जेसीबीवाल्याला येऊ नको म्हणून सांगण्यासाठी फोन हातात घेऊन अंगणातून फाटकाकडं निघाला होता. तेवढ्यात स्लॅबवरून एक घंटी झाली.

सगळे थांबले. पत्रावळी हातात, मंडपाचं कापड अर्धवट सुटलेलं. संपतराव एक पाय उचललेला तसाच, फोन कानापासून वीतभर लांब. मी मान न हलवता डोळे माळाकडं नेले. पिकलेलं गवत वाऱ्यानं वाकत होतं, उठत होतं. लांडगा नाही, चिंकारा नाही, कान नाही, शेपूट नाही. आम्ही उभे. वर सीटवर काकी बसलेल्या, एक हात स्टेअरिंगवर, एक दोरीला, आणि बघत होत्या त्या माळाकडं नव्हे, आमच्याकडं. एकेकाकडं, नीट, घाई न करता. संपतरावाकडं जरा जास्त वेळ.

मग दोन घंट्या झाल्या.

संपतरावानं पाय टेकला आणि खालून विचारलं, “काकी, काय दिसलं?”

“काय न्हाय,” काकी म्हणाल्या. “थांबताय का ते बघितलं.”